मोजले की गुणले?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

लाडकी बहीण योजनेत घुसलेल्या ‘लाडक्या भावां’ची चौकट आपल्या अंकात परत आली आहे. आकडे तेच जुने : १४,२९८ पुरुष, २१ कोटी ४४ लाख रुपये. २०२५च्या जुलैअखेर ही बातमी पहिल्यांदा आली, तेव्हाच मी ती कापून वहीत चिकटवली होती आणि शेजारी पेन्सिलीनं एक गुणाकार मांडला होता. कारकुनाची खोड, दुसरं काय. १४,२९८ गुणिले महिन्याचे १,५०० गुणिले १० हप्ते. उत्तर येतं २१ कोटी ४४ लाख ७० हजार.

तंतोतंत जुळतं, आणि तेच मला खटकलं. सरकारी पैसा लोकांच्या खात्यात टाकायचं काम ज्यानं केलं असेल त्याला विचारा, इतकं कधी जुळत नसतं. कुणाचं आधार जोडलेलं नसतं, कुणाचं खातं व्यवहार नसल्यानं बंद पडलेलं असतं, कुणाचा हप्ता परत येतो, कुणी अर्जच दोन महिने उशिरा भरलेला असतो. चौदा हजारांहून जास्त माणसं, प्रत्येकाला दहाच्या दहा हप्ते, एकाचाही एकही चुकला नाही? तसं असेल तर इतकी चोख योजना या राज्यात दुसरी झाली नाही म्हणायचं. माझा अंदाज असा की हा आकडा बँकेच्या नोंदी काढून कुणी मोजलेला नाही, खुर्चीत बसून गुणलेला आहे. अंदाज चुकला तर कान पकडीन. पण आकडा कुणी काढला आणि कशावरून, हे आपल्या बातमीत एका ओळीनंही नाही. काही बायकांनी स्वतःचं खातं नसल्यानं घरातल्या पुरुषाचं खातं दिलं असावं, असा खुलासा तेव्हा झाला होता. तो खरा की खोटा याचा पाठपुरावा कुठं दिसला नाही. खरा असेल तर त्या चौदा हजारांतले भाऊ किती आणि भावाचं खातं वापरणाऱ्या बहिणी किती?

याच योजनेचा वर्षाचा खर्च सुरुवातीला ४६ हजार कोटी सांगितला गेला. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात तरतूद आली ३६ हजार कोटींची. मधले दहा हजार कोटी कुठल्या बहिणींचे होते, हे विचारायला आतल्या पानावर एक कॉलम निघाला असेल-नसेल. एकवीस कोटींचे भाऊ सापडल्यावर मात्र पहिलं पान.

आणि ‘बोगस’ हा शब्द. महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असल्याचं जाहीर केलं, जून २०२५पासून त्यांचा लाभ तात्पुरता थांबवला. त्यांचा शब्द ‘अपात्र’. दुसऱ्या दिवशी छापून येताना तो बऱ्याच ठिकाणी ‘बोगस’ झाला. आमच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे. त्या घरात तीन सुना, रेशनकार्ड एक. चुली वेगळ्या होऊन नऊ वर्षं झाली, पण कार्ड फोडायला तहसीलला तीन चकरा मारल्या आणि मग राहून गेलं. एका कुटुंबात दोनपेक्षा जास्त लाभार्थी नकोत, या निकषात मधल्या सुनेचं नाव गळलं. ती आपला अंक हातात घेऊन माझ्याकडे आली. हाताला पीठ होतं, त्याचा पांढरा अंगठा अजून त्या कागदावर आहे. म्हणाली, “काका, हे बोगस म्हंजे आम्हीच का?”

त्या २६ लाखांत खरी लबाडी करणारेही आहेत, नाही असं नाही. सरकारी नोकरीत पगार घेऊन वर पंधराशे उचलणाऱ्या दोन हजारांवर निघाल्या, त्यांची मला यत्किंचितही दया नाही. पण सगळ्यांना एकाच पोत्यात घालून वर ‘बोगस’ची चिठ्ठी लावली की खरा चोर गर्दीत आरामात बसतो. हा खेळ मी आधी एकदा पाहिलेला आहे, तेही आतल्या बाजूनं.

मी पाटबंधारे खात्यात होतो. लेखा शाखा, शेवटी वरिष्ठ लिपिक, २०१०ला निवृत्त. दोन वर्षांनी, मार्च २०१२मध्ये, राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल आला. त्यात राज्यातल्या एकूण पिकाखालच्या क्षेत्रापैकी सिंचित क्षेत्र किती, याचं एक कोष्टक होतं. शतकाच्या सुरुवातीला १७.८ टक्के, २००९-१०मध्ये १७.९. दहा वर्षांत दशांश एक टक्का. आणि दहा वर्षांत सिंचनावर झालेला खर्च ७० हजार कोटींच्या घरात. कुणीतरी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि ठिणगी पडली. त्याच वर्षी खात्यातले मुख्य अभियंता विजय पांढरे यांचं गैरव्यवहारांबद्दलचं पत्र बाहेर आलं. सप्टेंबरात तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि आधी हेच खातं सांभाळलेले अजित पवार यांनी राजीनामा दिला, नोव्हेंबरअखेर श्वेतपत्रिका आली आणि डिसेंबरात पवार परत मंत्रिमंडळात.

या सगळ्यात छापलेला मथळा होता ‘७० हजार कोटींचा सिंचन घोटाळा’. मी खात्यातला माणूस, पण खात्याची बाजू घ्यायला बसलेलो नाही. तरी सांगतो, हा मथळा चूक होता. ७० हजार कोटी हा एकूण खर्च. त्यात भूसंपादन आलं, पुनर्वसन आलं, अर्धी उभी राहिलेली धरणं आली, आमचे पगार आले. सगळे खाल्ले म्हणायचं तर भिंतीसुद्धा नसायला हव्यात, आणि भिंती तर दिसत होत्या. चोरी होती, दणकून होती. पण एकूण खर्चालाच चोरी म्हटलं की प्रत्यक्षात किती गेले हे शोधायची गरजच उरत नाही. आरोप करणाराला मोठा आकडा मिळतो आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला तो हसण्यावारी नेता येतो. दोघांचंही भागतं.

दशांश एकची गोष्टही तशीच. तो आकडा कृषी खात्याकडच्या नोंदींचा, त्यात विहिरींचं पाणीही धरलेलं. श्वेतपत्रिका काढली जलसंपदा खात्यानं, म्हणजे आमच्याच पाटबंधारे खात्यानं, त्यांच्या हिशेबात सिंचन ५.१७ टक्क्यांनी वाढलं होतं. एकाच सरकारची दोन खाती, एकच जमीन, दोन टेप. साध्या भिंतीची दोन मापं आली तर गवंडीसुद्धा तिसऱ्यांदा टेप लावतो. इथं टेप लावायचं कुणाच्या मनात आलं नाही. एका बाजूनं दशांश एकचा फलक केला, दुसरी बाजू ५.१७ घेऊन विधिमंडळात गेली.

पुढचं वाचकांना आठवत असेल. चौकशीला जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांची समिती नेमली. २०१३मध्ये त्या वेळच्या विरोधकांनी औरंगाबादला समितीपुढे बैलगाडीतून पुरावे नेले. काय फोटो होता तो! सगळ्यांनी छापला. बैल उमदे होते. गाडीतल्या चौदा हजार पानांत काय आहे, हे मात्र मी त्यानंतर कितीतरी दिवस वर्तमानपत्रांत शोधत होतो. वर्षभरात विरोधक सत्तेत आले, बैलगाडी कुठे सुटली ठाऊक नाही.

मग नोव्हेंबर २०१९. फडणवीस-पवारांच्या पहाटेच्या शपथविधीला दोन दिवस झाले होते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं सिंचनाच्या नऊ निविदांच्या चौकशा बंद केल्या आणि दूरदर्शनच्या पट्टीवर झळकलं, ‘क्लीन चिट’. त्याच दिवशी विभाग सांगत होता की या नऊ प्रकरणांचा अजित पवारांशी संबंध नाही. तरी चिट ती चिट. पवारांवर जबाबदारी येत नाही असं म्हणणारं नागपूर खंडपीठातलं प्रतिज्ञापत्र चर्चेत आलं ते नंतर, डिसेंबरात. आणि त्याच विभागानं वर्षभर आधी, नोव्हेंबर २०१८मध्ये, त्याच कोर्टात जवळजवळ उलट म्हटलेलं होतं. माझ्या वहीत ही तिन्ही कात्रणं एकाखाली एक आहेत. कुणीही येऊन बघावीत, चहा पाजीन.

आता माझ्या पदरचं सांगतो. जिल्हा आणि प्रकल्प सांगणार नाही.

कालव्याचं बिल आमच्या टेबलावर येतं ते एमबीबरोबर, म्हणजे मोजमाप पुस्तकाबरोबर. शाखा अभियंत्यानं जागेवर जाऊन घेतलेली मापं त्यात असतात : साखळी क्रमांक अमुक ते तमुक, माथ्याची रुंदी, तळाची रुंदी, खोली, स्तर कोणता, माती की मुरूम की कठीण खडक. आमचं काम काय, तर गुणाकार तपासायचा. लांबी गुणिले सरासरी रुंदी गुणिले खोली. बरोबर आला की लाल शाईची खूण, खाली ‘आकडेमोड तपासली’ आणि सही. मार्चअखेर असा की ३१ तारखेच्या रात्री दोन वाजेपर्यंत लाल खुणा चालायच्या. कँटीनवाला पोरगा टेबलाखाली झोपायचा, चहासाठी पायानं उठवावं लागायचं त्याला.

गडबड कुठे असते हे आम्हाला कळायचं. ‘लीड’मध्ये असते. लीड म्हणजे मुरूम किती लांबून आणला ते अंतर. जितकं लांब तितका दर चढा. कागदावर मुरूम बारा किलोमीटरवरून यायचा, प्रत्यक्षात कालव्याच्या कडेचाच उकरलेला असायचा. स्तरात असते. कुदळीला येणारा मुरूम एमबीत चढेपर्यंत कठीण खडक व्हायचा. ठेक्याच्या करारातल्या अडतिसाव्या कलमात असते. निविदेतलं परिमाण सव्वापटीच्या पुढे गेलं की वाढीव कामाला नवा दर, मग परिमाण सव्वापटीच्या पुढे जाईल याची काळजी अंदाजपत्रक करतानाच घेतलेली. हे सगळं कळत असूनही मी खूण करत होतो, कारण मला विचारलेलं होतं एवढंच की गुणाकार बरोबर आहे का. तो नेहमी बरोबर असायचा. इतका बरोबर, की आज त्या २१ कोटी ४४ लाखांकडे बघून माझा हात आपोआप लाल पेन शोधायला लागला.

२०१३चा उन्हाळा आठवा. मराठवाड्यात रस्त्यावर एसटीपेक्षा टँकर जास्त. तेव्हा मनाला काय वाटलं कुणास ठाऊक, पुतण्याला म्हटलं, काढ गाडी. ज्या कालव्याच्या बिलांवर मी सहा वर्षं लाल खुणा केल्या होत्या, तो मी कधी डोळ्यानं पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर तिथं कालवाच नसेल अशी माझी तयारी होती. सोबत जुनी टिपणवही घेतली होती.

कालवा होता. चांगला सरळसोट, अस्तरीकरण केलेला. फरशांच्या सांध्यांतून बाभळीची रोपं वर आलेली, तळात शेळ्या सावली धरून बसलेल्या. आम्ही मोटारसायकल त्या कोरड्या तळातूनच चालवली, वरच्या रस्त्यापेक्षा बरी होती वाट. पुतण्यानं दोन ठिकाणी टेप लावला. तळाची रुंदी वहीतल्याशी जुळली, तीन-चार इंचांचा फरक सोडला तर. मला खरंतर बरं वाटलं. आपल्या खुणा अगदीच खोट्या नव्हत्या म्हणायच्या.

मग एका लिंबापाशी कालवा संपला. संपला म्हणजे थांबला. पुढं बांध, बांधापलीकडे नांगरून पडलेलं रान, आणि अंदाजे तीनशे मीटरवर परत तोच कालवा सुरू, पुढं जाईल तितका लांब. मधल्या तीनशे मीटरच्या भूसंपादनाचा निवाडाच झालेला नव्हता. तीन भावांची जमीन, मोबदला कुणाच्या नावावर निघायचा यावर कोर्टात वाद, आणि अलीकडचं-पलीकडचं काम दोन वेगळ्या निविदांत विभागलेलं. दोघा ठेकेदारांची बिलं निघाली. त्यातलं दुसरं मी तपासलेलं. लिंबाखाली एक म्हातारबाबा बसले होते, त्यांना विचारलं, पाणी कधी आलं होतं का. म्हणाले, “पाट आला की सायेब. पाणी इसरलं.”

या कालव्यात किती खाल्ले? लीडचे खाल्ले असतील, खडकाचे खाल्ले असतील. समजा पै न पै पकडली, सगळे आत टाकले, वसुलीसुद्धा झाली. तरी त्या लिंबाच्या पुढं थेंब जाणार नव्हता. आणि उलट, एकही पैसा न खाता हे काम असंच झालं असतं तर त्याला आपण घोटाळा म्हटलंच नसतं, कारण पकडायला माणूस नाही. बातमीला चोर लागतो. तीनशे मीटर नांगरलेल्या रानाचा फोटो कोण छापणार?

आताही तसंच चाललं आहे. भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्द. २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, मूळ किंमत ३७२ कोटी. २०२५मध्ये चौथी सुधारित प्रशासकीय मान्यता मिळाली, २५ हजार ९७२ कोटींची. छापून काय येतं, तर ‘गोसेखुर्दला २५ हजार कोटी’. जणू आज नवे दिले. यातले किती आधीच खर्च झालेले, किती पुढचे, आणि अडीच लाख हेक्टरांच्या लाभक्षेत्रापैकी पाणी आज कितीवर फिरतं, हे तिन्ही एका जागी छापलेलं वाचायला मिळेल तो दिवस मी वहीत वेगळ्या शाईनं लिहीन.

अकोले तालुक्यातलं निळवंडे घ्या. १९७०च्या सुमारास अंदाज ७ कोटी ९३ लाखांचा. २६ ऑक्टोबर २०२३ला पंतप्रधान मोदींच्या हस्ते धरणाचं जलपूजन आणि डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं तेव्हा किंमत ५ हजार १७७ कोटी. साडेसहाशे पट! हा मथळा माझ्या वहीत आहेच. पण १९७०मध्ये दहा ग्रॅम सोनं दोनशे रुपयांच्या आत होतं आणि त्या ऑक्टोबरात साठ हजार. सोनंच तीनशे पटीच्या वर गेलं. सोनं हे काही महागाईचं माप नव्हे, मान्य. तरी रुपयाचं रूप बदललं ते वजा केल्याशिवाय साडेसहाशेतला उशीर किती, वाढीव काम किती, भूसंपादनाचा वाढलेला मोबदला किती आणि बाकीचं किती, हे कळायचं कसं? वजाबाकी अवघड नाही. तिला फक्त उद्गारचिन्ह लागत नाही.

आता माझी मूळ तक्रार. २०१२मध्ये ज्या कोष्टकानं सरकार हलवलं, ते पुढं गेलं कुठे? पुढच्या वर्षांचे आर्थिक पाहणी अहवाल काढून बघा. सिंचित क्षेत्राच्या टक्केवारीच्या रकान्यात वर्षानुवर्षं ‘उपलब्ध नाही’. आघाडी गेली, युती आली, तरी उपलब्ध नाही. अवकाशात यान पाठवणाऱ्या देशात ओली जमीन किती हे मोजता येत नाही, यावर माझा विश्वास नाही. आकडा एकदा चावला, म्हणून तो डब्यात बंद केला, इतकं सरळ आहे. आपल्या धंद्यातल्या काहींनी दर मार्चमध्ये त्याची दखल घेतली, त्यांना माझा नमस्कार. पण ती दखल आतल्या पानावर, आणि बाहेर अर्थसंकल्पाची कविता.

आपल्याकडे माझं मागणं लहान आहे. शोधपत्रकारितेचं मोठं पथक वगैरे नको. तालुक्याला आपला वार्ताहर असतो. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की धरणावर पूजेचा, कळ दाबल्याचा फोटो निघतो, तो छापाच. मात्र त्याच आवर्तनात आठ-दहा दिवसांनी त्या वार्ताहरानं शेवटच्या चारीच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्याच्या, टेलला, अगदी टोकाला जाऊन उभं राहावं आणि पायाखालचा एक फोटो काढावा. ओलं असेल तर ओलं, कोरडं तर कोरडं. खाली तारीख आणि चारीचा क्रमांक. दोन्ही फोटो एकाच मापात, शेजारी शेजारी. एक हंगाम करून बघा. आणि लाडक्या भावांची चौकट चौथ्यांदा छापायची वेळ येईल तेव्हा महिला व बालविकास विभागाला एवढंच विचारा, वसुली किती झाली आणि तो आकडा बँकेचा आहे की गुणाकाराचा.

गिरणीवाल्याच्या सुनेचं कार्ड अजून फुटलेलं नाही. सोमवारी मी तिच्याबरोबर तहसीलला जातोय. शिधापत्रिका विभक्त करण्याचा अर्ज, जुन्या कार्डाची झेरॉक्स, तिघींची वेगवेगळी वीजबिलं असं सगळं पिशवीत भरून ठेवलं आहे. वीजबिलांवर मीटर क्रमांक वेगळे आहेत, नऊ वर्षांपासून. ते मी रात्री स्वतः तपासून घेतले. गुणाकार नव्हता त्यात काही, नुसतं बघायचं होतं.

नाव-पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर दिला आहे, छापू नये. इथल्या पाणीवापर संस्थेची निवडणूक तोंडावर आहे आणि दोन्ही पॅनेलं माझ्याकडे जेवायला येतात.

आपला,
एक जुना वर्गणीदार
(निवृत्त वरिष्ठ लिपिक, लेखा शाखा)